प्रश्नकर्ते नावेंत बसले, तें वर्तमान

श्री उगमास नमन, संगमास नमन, आणि मधल्या चिखलास विशेष नमन. शके सतराशें एकवीस, सिद्धार्थीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध तृतीया, ते दिवशीं ऐसें घडलें कीं पृथ्वीच्या पाठीवर ज्ञान म्हणोन जें काहीं आहे त्याचा पाया नव्यानें घातला गेला, विद्या कोणती आणि अविद्या कोणती याचा निवाडा सुरू जाहला, आणि पूर्वीं कोणे राजास, कोणे पंडितास, कोणे ऋषीस न उलगडलेला प्रश्न आमचे राज्यांत उलगडावयास आरंभ जाहला. याचें कारण महाराजांचा डावा जोडा नदींत पडला.

आधीं राज्याचें वर्णन करावें ऐसी रीत आहे, म्हणोन करितों. राज्य थोर, प्रजा सुखी, मध्यें नदी. नदीच्या अलीकडे राजधानी आणि पलीकडे महाराजांची सासुरवाडी, आणि म्हणोनच नदीवर पूल बांधावा ऐसा विचार कधीं नेटानें जाहला नाहीं. उतारावर चौऱ्यायशीं नावा, आणि त्यांत एक नाव ठकूबाईची. ठकूबाई जातीची भोईण, उंचीनें बेताची, बोलण्यांत धारदार. नवरा सोनजी कंबरेनें बसला त्यास बावीस वर्षें जाहलीं, तेव्हांपासून वल्हें हिच्या हातीं, आणि बावीस वर्षांत तिच्या नावेंतून माणूस तर सोडाच, कोणाचें कोंबडेंही बुडालें नव्हतें. त्या तृतीयेस महाराज सासुरवाडीहून जेवोन परत येत होते, आणि नाव काठास टेकण्यापूर्वींच महाराज उठोन उभे राहिले. परंतु बखरींत ऐसें लिहितां येत नाहीं, म्हणोन नाव डुलली ऐसें लिहितों. नाव डुलली, आणि जोडा गेला, आणि महाराज एक पाय उचलोन राजवाड्यापर्यंत लंगडत आले, आणि प्रजेनें तो नवा मुजरा समजोन तैसाच परत केला.

मग कारभारी नारोपंत यांणीं दुसरेच दिवशीं हुकूम काढिला कीं, राज्यांत वाटेल तो उठतो आणि वल्हें हातीं धरितो हें थोर राज्यास शोभत नाहीं, सबब यापुढें सनदेवांचून कोणी नावाडी नाहीं, आणि परीक्षेवांचून सनद नाहीं. महाराजांनीं शिक्का केला. मग परीक्षा म्हणजे प्रश्न पाहिजेत, आणि प्रश्न म्हणजे ते लिहिणारा पाहिजे, आणि लिहिणारा कोण, यावर दरबार बसला तो वैशाखांत बसला आणि मार्गशीर्षांत उठला. मध्यंतरीं पुष्कळ मतें निघालीं. सेनापति म्हणाले कीं, "जो नदींत सर्वांत अधिक वेळां पडला त्यानें लिहावे. मी अकरा वेळां पडलों आहें." राजवैद्य म्हणाले कीं, "पडणें काय, कोणीही पडेल. पडलेल्यांच्या पोटांतलें पाणी ज्यानें काढिलें तो जाणता." खासगीकडील कारकून म्हणाले कीं, "अक्षर चांगलें असलें म्हणजे पुरे." एक म्हातारे मानकरी भिंतीस टेकोन डोळे मिटोन बसत असत, ते एकाएकीं डोळे उघडोन म्हणाले, "अहो, नावाड्यांस कां विचारीत नाहीं?" आणि दरबार चकित जाहला.

ते समयीं नारोपंत बोलिले, आणि त्यांचें बोलणें राज्यांत पुढें पुष्कळ वर्षें शहाणपणाचा नमुना म्हणोन सांगत असत, तें ऐसें: "मानकरी, आपण वडील. परंतु विचार करावा. नावाड्यानें प्रश्न लिहिला तर त्यास उत्तर आधींच ठाऊक असणार. ज्यास उत्तर ठाऊक तो प्रश्न विचारणार, ही परीक्षा काय? हा तर संगनमताचा मामला. प्रश्नकर्ता पाहिजे तो ऐसा, कीं ज्याचें नावेशीं, नदीशीं, नावाड्याशीं काडीचें नातें नाहीं. तोच निःपक्षपाती." सर्वांनीं माना डोलाविल्या. मानकऱ्यांनीं डोळे पुनः मिटिले. मग ऐसा पुरुष राज्यांत कोण याचा शोध जाहला, आणि दिगंबरशास्त्री सांपडले.

दिगंबरशास्त्री मोठे विद्वान आणि मनानें सरळ. वय साठ. आयुष्यांत नावेंत बसले नव्हते. स्नान विहिरीवर, संध्या परसांत, आणि पलीकडल्या तीरीं कोणाचें कार्य निघालें तर उगमाकडून वळसा घालोन आठ दिवस चालत जाणार, आणि पोंचेपर्यंत लग्न उरकोन नवी सून रुळलेली असावयाची. नारोपंतांनीं त्यांस पाहोन म्हटलें कीं, इतका निःपक्षपाती पुरुष दुसरा होणें नाहीं. शास्त्रीबुवांनीं नम्रपणें मान लवविली आणि जुने ग्रंथ काढोन शंभर प्रश्न लिहिले, आणि शंभर उत्तरें लिहोन लखोट्यांत बंद केलीं, आणि वर लाख लाविली. नियम ऐसा कीं उमेदवाराचें उत्तर लखोट्यांतल्या उत्तराशीं जुळलें तर पास, न जुळलें तर नापास, आणि तीन वेळां नापास जाहला त्यास पुनः दरवाजा बंद.

आतां परीक्षेचा कायदाही पाहिजे होता, आणि त्यास वेळ उरला नव्हता. दफ्तरीं आबाजीपंत म्हणोन कारकून होते, अक्षर मोत्यासारखें, स्वभाव भित्रा. नारोपंतांनीं त्यांस सांगितलें, "आबाजी, उद्यां सकाळपर्यंत कायदा पाहिजे." आबाजीपंतांनीं म्हटलें, "जी." आणि त्यांणीं दफ्तरांतून धान्याच्या मापांचा कायदा काढिला, आणि जेथें जेथें माप ऐसें होतें तेथें तेथें प्रश्न ऐसें घातलें, आणि जेथें मापारी होतें तेथें प्रश्नकर्ता घातलें, आणि सकाळीं कायदा हजर केला. त्यांत कलम सातवें ऐसें पडलें कीं, प्रश्नाच्या तळाशीं भोंक पाडूं नये. कलम बारावें कीं, प्रश्न कोरडे जागीं ठेवावे आणि उंदरांपासोन जपावे. कलम एकोणिसावें कीं, प्रश्नाविषयीं तकरार उठल्यास प्रश्न व प्रश्नकर्ता उभयतांस जागेवर नेऊन, चार असामींसमक्ष भरोन पाहावें. सर्वांनीं न वाचतां शिक्के केले, म्हणोन कायदा पक्का जाहला.

मग माघांत पहिली परीक्षा जाहली. त्र्यायशीं नावाडी धुतलेलीं धोतरें नेसोन आले, आणि ठकूबाई नवें लुगडें नेसोन आली. शास्त्रीबुवांनीं तिला पुसिलें कीं, "वल्हें कोणत्या हातीं धरावें?" ठकूबाई म्हणाली, "दोन्ही हातीं." लखोटा फोडिला, त्यांत लिहिलें होतें, उजव्या हातीं, कारण डावा अमंगल. ठकूबाई नापास. मग श्रावणांत दुसरी परीक्षा जाहली. शास्त्रीबुवांनीं पुसिलें कीं, "नाव बुडूं लागल्यास नावाड्यानें प्रथम काय करावें?" ठकूबाई म्हणाली, "आधीं तळचं भोंक बुजवीन. मग ज्यानं पाडलं त्याला शिव्या देईन." लखोटा फोडिला, त्यांत लिहिलें होतें, कारभाऱ्यांस लेखी कळवावें. ठकूबाई पुनः नापास, आणि शास्त्रीबुवा हळहळोन म्हणाले, "बाई, थोडा अभ्यास करावा." ती म्हणाली, "बावीस वर्षं करत्येय, बुवा. पुस्तक रोज बदलतं."

दोन परीक्षा मिळोन चौऱ्यायशींपैकीं एकही नावाडी उतरला नाहीं. उतरले ते अकरा असामी: नऊ कारकून, एक कीर्तनकार, आणि एक सुक्या खोबऱ्याचा व्यापारी, जो पाऊस लागला म्हणोन आडोशास आंत आला होता आणि रांगेंत ढकलला गेला. कारकुनांत आबाजीपंत पहिले, कारण शंभर उत्तरांची नक्कल त्यांणींच केली होती. हुजूर आनंद जाहला. परंतु नदी अलीकडून पलीकडे ओलांडावयाची ती ओलांडावयाचीच होती, आणि अकरांपैकीं एकासही वल्हें मारितां येत नव्हतें, म्हणोन तोड ऐसी निघाली कीं सनदी पुरुषानें नावेंत पुढें बसावें, सनद मांडीवर ठेवावी, आणि मागें बिनसनदी नावाड्यानें वल्हवावें. अकरा सनदींनीं चौऱ्यायशीं नावा पाळीपाळीनें वांटोन घेतल्या, लोक पलीकडे जात, परत येत, कोणाचें काहीं अडलें नाहीं, आणि राज्यांत पहिल्यापेक्षां अधिक समाधान पसरलें, कारण आतां नावेंत बोलावयास एक माणूस जास्ती असे.

ठकूबाईच्या नावेवर आबाजीपंत नेमले गेले. पहिले दिवशीं ते नावेंत बसले ते डोळे घट्ट मिटोन बसले, आणि नदी मधोमध आली ऐसें वाटोन म्हणाले, "ठकूबाई, पोंचलों काय?" ती म्हणाली, "अजून काठ सुटायचा आहे, पंत. दोरी सोडा, तुमच्याच हातांत आहे." ऐसें करितां करितां उभयतांचा स्नेह जाहला. आबाजीपंत तिला दरबारच्या गमती सांगत, आणि ती त्यांस पाणी दाखवी: येथें वाळूचा दांडा आहे, येथें खालीं ओढ आहे, हा काळा खडक, याच्या वरच्या अंगास चालत जाल आणि खालच्या अंगास भोंवरा आहे तेथें जीव जाईल. आबाजीपंत हें सर्व डोळे मिटोन ऐकत, आणि तीन महिन्यांनीं एक डोळा उघडूं लागले.

इतक्यांत नारोपंतांस सुचलें. त्यांस नेहमीं सर्व ठीक चाललें असतां सुचे. हुकूम निघाला कीं, सनद एकाची आणि वल्हें दुसऱ्याचें हा घोळ थोर राज्यास शोभत नाहीं, सबब माघी पौर्णिमेपासोन ज्याची सनद त्याचीच नाव, आणि त्यानेंच वल्हवावी, आणि बिनसनदी नावाड्यानें काठावरही उभें राहूं नये. हा कागद आबाजीपंतांनींच स्वहस्तें लिहिला आणि लिहितां लिहितां त्यांस घाम सुटला. ते तैसेच उठोन उतारावर आले आणि म्हणाले, "बाई, पौर्णिमेपासून ही नाव माझी."

ठकूबाईनें वल्हें आडवें ठेविलें. नाव तिच्या सोनजीनें धड होता तेव्हां स्वतः जोडिली होती, आणि दर शिमग्यास ती तिला तेल पाजीत असे. मग ती म्हणाली, "तुम्ही वल्हवणार?"

"हुकूम आहे."

"लोकांना घेऊन?"

"तसाच हुकूम आहे, बाई."

"आणि मी घरीं बसून काय करूं? आमच्या ह्यांचं तोंड पाहूं? बावीस वर्षांत सबंध दिवस पाहिलं नाहीं, एकदम झेपायचं नाहीं मला." ऐसें म्हणोन ती हंसली, परंतु हंसणें अर्ध्यावर राहिलें, आणि तिनें पदरानें वल्हें पुसिलें, वल्हें कोरडेंच होतें. ती म्हणाली, "पंत, तुमची चूक नाहीं. पण पहिल्या खेपेला भोंवऱ्यांत जाल. सोबत दहा माणसं असतील. माझ्या नावेनं आजवर कोणाला खाल्लं नाहीं. आतां म्हातारपणीं तिला ती संवय लावूं नका."

आबाजीपंत भित्रे खरे, परंतु कागदांत भित्रे नव्हते. कागदांत ते सिंह. ते म्हणाले, "पौषांत तुमची तिसरी परीक्षा आहे ना?" ती म्हणाली, "आहे. आणि लखोटाही आहे." आबाजीपंत म्हणाले, "मी सनदी असामी, पौर्णिमेस माझेंच मरण आहे, म्हणोन सांगतों. कायदा मीं लिहिला आहे. म्हणजे लिहिला नाहीं, उतरविला आहे. त्यांत एक एकोणिसावें कलम आहे." आणि तें त्यांणीं तिच्याकडून घोकून घेतलें, दांड्यावर नाव टेकवोन, सलग चार दिवस.

मग पौष शुद्ध दशमीस तिसरी परीक्षा जाहली आणि ते दिवशीं महाराज स्वतः हजर होते, कारण सासुरवाडीस जावयाचें टळत होतें. शास्त्रीबुवांनीं पुसिलें कीं, "काळ्या खडकाच्या वरच्या अंगास पाणी किती?" ठकूबाई म्हणाली, "आज गुडघाभर. उद्यांचं उद्यां सांगेन." लखोटा फोडिला, त्यांत होतें, साडेतीन पुरुष. शास्त्रीबुवांनीं डोळ्यांवर हात ठेविला. नारोपंत म्हणाले, "जाहलें. तिसऱ्यांदा नापास. पुढचा." ते समयीं ठकूबाई तेथेंच बैठक मारोन बसली आणि देवीचा गजर करावा तैशी मोठ्यानें म्हणाली, "प्रश्नाविषयीं माझी तकरार आहे. प्रश्न व प्रश्नकर्ता उभयतांस जागेवर नेऊन, चार असामींसमक्ष भरोन पाहावें. कलम एकोणीस!"

दरबारांत गलबला जाहला. नारोपंत म्हणाले, "ऐसें कलम नाहीं." आबाजीपंतांनीं कायदा पुढें केला. नारोपंतांनीं तो प्रथमच वाचिला. वाचितां वाचितां ते सातव्या कलमाशीं थांबले आणि आबाजीपंतांकडे पाहिलें, आणि आबाजीपंतांनीं जमिनीकडे पाहिलें. परंतु शिक्का नारोपंतांचाच होता. महाराज म्हणाले, "कायदा तो कायदा. शास्त्रीबुवांस भरोन पाहा." आणि महाराजांची खुर्ची काठावर नेली. ते स्वतः नावेंत आले नाहींत. जोडे नवे होते.

मग नावेंत चार असामी बसले ते ऐसे: प्रश्नकर्ते म्हणोन दिगंबरशास्त्री, पंच म्हणोन नारोपंत, सनदी नावाडी म्हणोन आबाजीपंत, आणि फिर्यादी म्हणोन ठकूबाई. ठकूबाई आपल्याच नावेंत पाहुणी होऊन बसली, हात मांडीवर, कारण तिला सनद नव्हती. शास्त्रीबुवांचा रंग नाव सुटण्यापूर्वींच उतरला होता. नारोपंतांनीं दौत, टांक आणि कागद घेतला आणि म्हणाले, "यापुढें जें जें बोललें जाईल तें तें दाखल होईल." आबाजीपंतांनीं वल्हें उचलिलें, आणि कायदा जाणणारे असल्यामुळें कायद्याप्रमाणें उजव्या हातीं धरिलें, आणि पाण्यांत घातलें, आणि नाव जागच्या जागीं फिरली. पुनः घातलें, पुनः फिरली. काठावर महाराजांनीं टाळी वाजविली. तिसऱ्यानें नाव धारेला लागली आणि फिरत फिरत खालीं निघाली, आणि शास्त्रीबुवांस एकदां राजधानी दिसे, एकदां सासुरवाडी दिसे, आणि मध्यें काळा खडक दिसे, आणि तो दर फेऱ्यास मोठा होत होता.

नारोपंत म्हणाले, "आबाजी, काय चाललें आहे?"

आबाजीपंत म्हणाले, "सनदेप्रमाणें चाललें आहे, साहेब."

"दुसरा हात लाव!"

"दुसरा अमंगल आहे, साहेब. लखोट्यांत आहे."

भोंवऱ्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. शास्त्रीबुवांनीं विष्णुसहस्रनाम धरिलें, आणि चाळिसाव्या नांवाशीं सोडिलें, आणि ठकूबाईकडे वळोन म्हणाले, "बाई, तें वल्हें घ्या!"

ठकूबाईनें पाण्याकडे पाहिलें. नजरेनें तिनें अंतर मोजिलें, आणि अंतर होतें अजून वीस वांव, म्हणजे एक प्रश्न विचारण्यापुरतें होतें. ती म्हणाली, "माझ्यापाशीं सनद नाहीं, बुवा."

"सनद चुलींत घाला! वल्हें घ्या!"

"घेतें. कोणत्या हातीं घेऊं?"

"दोन्ही हातीं, बाई, दोन्ही हातीं!" ऐसें शास्त्रीबुवा ओरडले तें अलीकडे महाराजांस ऐकूं आलें आणि पलीकडे सासुरवाडीसही ऐकूं आलें, आणि नारोपंतांनीं, कागद भिजत असतां, कारभारी तो कारभारी, तें दाखल केलें: प्रश्नकर्त्यांचें स्वमुखें उत्तर, दोन्ही हातीं.

मग ठकूबाई उठली, आणि आबाजीपंत नावेच्या तळीं पालथे पडले, आणि तिनें चार वल्हीं मारिलीं. पहिल्यानें नाव फिरावयाची थांबली, दुसऱ्यानें तोंड वळलें, तिसऱ्यानें धार सुटली, आणि चौथ्यानें नाव काळ्या खडकाच्या वरच्या अंगास ऐसी टेकली जैसें बाळ पाळण्यांत ठेवावें. नारोपंतांचा टांक पाण्यांत गेला होता आणि ते हवेंत लिहीत होते.

ठकूबाईनें लुगडें खोंचलें आणि ती खालीं उतरली. पाणी गुडघाभर. शास्त्रीबुवा तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ग्रंथ खोटा कसा?"

ती म्हणाली, "खोटा कशाला? लिहिणाऱ्यानं मोजलं तेव्हां असेल तितकं. त्यानंतर किती पावसाळे गेले. नदी सरकली, वाळू चढली. ग्रंथाला कोणी येऊन सांगितलं नाहीं, एवढंच." हें ऐकोन शास्त्रीबुवांस मोठा धीर आला, कारण ग्रंथाचा अपमान जाहला नाहीं. मग ते साठ वर्षांचे गृहस्थ नावेची कड धरोन, एक पाय, मग दुसरा पाय, ऐसे नदींत उतरले, आणि म्हणाले, "गार आहे." आणि पुनः म्हणाले, "फार गार आहे हो." आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा जाहला. मग हळूच म्हणाले, "ठकूबाई, दरबारांत मला निःपक्षपाती म्हणाले. तसें काहीं नव्हतें. मला पाण्याची भीति वाटे."

ठकूबाई म्हणाली, "मला रोज वाटते. म्हणून तर बावीस वर्षांत कोणी गेलं नाहीं. ज्याला वाटत नाहीं त्याच्या नावेंत मी बसत नाहीं, बुवा."

शास्त्रीबुवा यावर बराच वेळ विचार करीत राहिले, पाय बधिर होईपर्यंत. मग म्हणाले, "पंत, प्रश्न वादांत गेला म्हणजे बाईंस दुसरा प्रश्न मिळाला पाहिजे. मी आतां येथेंच लिहितों." कायद्यांत त्यास मनाई नव्हती. माप फुटलें तर नवें माप द्यावें, ऐसें बाविसावें कलम होतें. शास्त्रीबुवांनीं आबाजीपंतांच्या कमरेचा टांक घेतला, खडकावर बसोन प्रश्न लिहिला, उत्तरही लिहिलें, आणि लाख नव्हती म्हणोन वर ओला चिखल लाविला. मग वाचिलें: "येथून परत कसें जावें?"

ठकूबाईनें तिघांस नावेंत घेतलें, शास्त्रीबुवांस मध्यें बसविलें, नाव ढकलली, दांड्याच्या कडेकडेनें वर नेली, मग धार आडवी कापिली, आणि सर्व मंडळी महाराजांच्या पायाशीं आणोन ठेविली. नारोपंतांनीं उत्तराचे रकान्यांत लिहिलें: आलों.

मग लखोटा फोडिला. त्यांत लिहिलें होतें, प्रश्नकर्त्यास ठाऊक नाहीं. नारोपंत, अंगावरून पाणी निथळत असतां, म्हणाले, "महाराज, उत्तर जुळत नाहीं. सबब नापास." काठावर जमलेले चौऱ्यायशीं कुटुंबांचे लोक श्वास धरोन उभे होते, आणि आबाजीपंतांनीं दोन्ही डोळे मिटिले. महाराज खुर्चींत पुढें झुकले आणि म्हणाले, "नारोपंत, तुम्हींच म्हणाला होतां ना, कीं ज्यास उत्तर ठाऊक त्यानें प्रश्न विचारूं नये? शास्त्रीबुवांस ठाऊक नव्हतें, त्यांणीं विचारिलें. बाईस ठाऊक होतें, तिनें आणोन सोडिलें. यापेक्षां कोरी परीक्षा राज्यांत दुसरी कधीं जाहली काय?" नारोपंतांस आपलेंच वाक्य परत आल्यामुळें नाहीं म्हणवेना. ठकूबाई पास जाहली. सनद तेथेंच लिहोन दिली, नाव तिची तिच्याकडे राहिली, आणि हुजूरची ऐसी आज्ञा जाहली कीं येथपासोन बखरींत तिचा उल्लेख आदरार्थीं करावा. त्याप्रमाणें करितों. ठकूबाईंनीं सनद उलटसुलट पाहिली, ओंच्याखालीं खोंचली, आणि म्हणाल्या, "ह्यांना दाखवतें. अंथरुणांत उठून बसतील."

मग पुढें प्रश्न कोणीं लिहावे, हें नारोपंतांनीं पुनः पुसिलें: ज्यास ठाऊक त्यानें, कीं ज्यास ठाऊक नाहीं त्यानें? महाराज म्हणाले, "ज्यास ठाऊक आहे त्यानें लिहावे. आणि ज्यास ठाऊक नाहीं त्यानें शेजारीं बसोन, समजलें नाहीं, समजलें नाहीं, ऐसें म्हणत राहावें. दोघांस कंटाळा येईपर्यंत. मग तो प्रश्न घ्यावा." महाराजांच्या सबंध कारकीर्दींत इतकें शहाणें वाक्य हें एकच, आणि तें बोलोन ते स्वतःही थोडे दचकले. तैसेंच होऊं लागलें. दर एकादशीस ठकूबाई आणि शास्त्रीबुवा नावेंत बसोन प्रश्न लिहूं लागले. ठकूबाईंचे प्रश्न तीन शब्दांचे असत आणि शास्त्रीबुवांचे तीन ओळींचे, आणि भांडोन भांडोन ते दीड ओळीवर येत. "बाई, यास कर्ता नाहीं." "कर्ता वल्हं मारतोय, बुवा, तुम्ही पुढं लिहा." ऐसें चाले. नव्या परीक्षेंत पहिला प्रश्न ऐसा: पाण्याची भीति वाटते काय? आणि वाटत नाहीं म्हणेल त्यास सहा महिन्यांनीं या म्हणोन सांगत. ठकूबाईंखेरीज उरलेल्या त्र्यायशींपैकीं एकूणऐंशीं उतरले. चौघे राहिले, त्यांतील दोघांस वल्हवितां येत नव्हतें, हें त्यांच्या नावेंत बसणारांस फार दिवसांपासोन ठाऊक होतें. कीर्तनकारानें सनद परत दिली आणि प्रसंग कीर्तनांत घातला. खोबऱ्याच्या व्यापाऱ्यानें पाऊस थांबला ऐसें कळविलें. आबाजीपंत दफ्तरीं परत गेले, परंतु दर गुरुवारीं काहीं काम नसतां पलीकडे जाऊन येत, दोन्ही डोळे उघडे ठेवोन, आणि काळा खडक आला म्हणजे अनोळखी उतारूंस त्याची माहिती सांगत, आणि ठकूबाई ती चुकीची असली तरी चालूं देत.

येणेंप्रमाणें थोर प्रश्न उलगडला, विद्या अविद्येचा निवाडा जाहला, राज्य सुखी जाहलें, शास्त्रीबुवा सासुरवाडीकडील सर्व लग्नांस वेळेवर पोंचूं लागले आणि तेथील लोक त्यांस कंटाळले. तात्पर्य काय तें ज्याचें त्यानें काढावें. आतां एकच विनंती. हें लिहिणें ज्यांच्या हातीं आहे आणि जे वाचण्याच्या नादांत नावेच्या डाव्या कडेला येऊन बसले आहेत, त्यांणीं कृपा करून थोडें मध्यें सरकावें. ठकूबाई मघापासोन पाहत आहेत.